खिडकीतून बाहेर येऊन दाखवा

पुण्याला गेले की नातेवाईक हमखास विचारतात, "तू तिकडे नेमकं काय काम करायचीस गं?" मी सांगते, "खड्ड्यांचं." समोरचा हसतो. "म्हणजे बुजवायचं?" मी म्हणते, "नाही, खणायचं. आणि कुणाला कुठला खड्डा शोभेल ते सांगायचं." मग विषय बदलतो आणि चहा येतो. इतक्या वर्षांत हे काम मला कुणाला धड समजावून सांगता आलेलं नाही. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा आधी मी चक्क नाही म्हटलं. पण या कामातली एक चूक मनात घर करून बसली आहे आणि ती चूक सुधारू दिल्याबद्दल दोन माणसांचे आभार मानायचे आहेत, म्हणून लिहायला बसले.

आम्ही २०११ साली न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या उत्तरेला जॉन्सनव्हिलमध्ये राहायला आलो. नवरा फार्मासिस्ट, त्याची नोकरी आधीच ठरलेली. मी पुण्यात एका बिल्डरच्या ऑफिसात अठरा वर्षं घरांचे नकाशे काढले होते, पण इथे त्या अठरा वर्षांना कुणी विचारेना. शेवटी बॅरी नावाच्या एका गृहस्थाच्या बांधकामाच्या यार्डात मापं घेण्यासाठी माणूस हवा होता, तिथे गेले. बॅरीने माझे कागद बघितलेच नाहीत. हातात टेप दिली, एका शेडकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ती मापून आण." मी मापून आणली, वर सांगितलं की तुमची शेड काटकोनात नाही, एका कोपऱ्याला चार बोटं वाकडी आहे. तो म्हणाला, "माहितीय, मीच बांधलीय. सोमवारी ये."

आता खड्ड्यांबद्दल. वेलिंग्टनमध्ये सपाट जमीन शोधावी लागते. घरं डोंगरउतारावर असतात, त्यामुळे घराच्या खालच्या मजल्याची पुढची बाजू मोकळी आणि मागची बाजू मातीत गाडलेली. त्या मागच्या अंधाऱ्या जागेत लोक वर्षानुवर्षं सायकली, रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात. मग एक दिवस कुणाला तरी वाटतं की इथे एक झोपायची खोली होईल. होते, पण तिला उजेड हवा, हवा हवी आणि दरवाजाखेरीज बाहेर पडायला आणखी एक वाट हवी. खाली आग लागली आणि जिना धुराने भरला तर आतल्या माणसाने जायचं कुठे? म्हणून मातीतल्या भिंतीला खिडकी पाडायची आणि तिच्यापुढे जमीन खणून मोकळी जागा करायची. भोवतालची माती ढासळू नये म्हणून तिला पन्हळी पत्र्याचं, लाकडाचं किंवा काँक्रीटचं कडं करायचं, तळाशी खडी आणि पाण्याला वाट, वर उजेड येऊ देणारं झाकण, आत चढायला शिडी. याला इथे विंडो वेल म्हणतात. मी घरी त्याला खिडकीचा खड्डा म्हणते.

ऐकायला सोपं वाटतं. गिऱ्हाईक येतं ते रंग बघतं. कडं पांढरं घेऊ का करडं, यावर नवरा-बायकोचं पाऊण तास भांडण मी ऐकलेलं आहे. मी विचारायचे, "खिडकी उघडते कशी?" इथल्या पुष्कळ खिडक्यांना बिजागऱ्या वरच्या बाजूला असतात, त्या खालून वीतभर उघडतात आणि थांबतात. त्यातून मांजर बाहेर जाईल, माणूस नाही. खिडकी दारासारखी बाजूला उघडणारी हवी, आणि ती पूर्ण उघडेल इतका खड्डा रुंद हवा. हे सांगितलं की पांढरा आणि करडा दोन्ही बाजूला राहायचे आणि खरं बोलणं सुरू व्हायचं.

पाण्याचं तर विचारू नका. एक डॉक्टर होते, आपल्याच साताऱ्याकडचे, स्वभावाने लाख माणूस. पण आपल्याला सगळं कळतं हा जुना आजार. खड्ड्याच्या तळाला निचऱ्याची नळी हवी असं मी म्हटलं, तर म्हणाले, "अहो ताई, खडी टाकली की पाणी जिरतं." मी हट्टाने नळी घालून घेतली. पुढे त्यांनी हिरवळ कापली की कापलेलं गवत त्याच खड्ड्यात ढकलायला सुरुवात केली. दक्षिणेकडून वादळ आलं, तीन दिवस पाऊस कोसळला आणि सकाळी त्यांचा फोन. "ताई, खिडकीबाहेर फिश टँक झालाय." गेले. काचेपलीकडे अर्ध्या उंचीपर्यंत पाणी, त्यावर गवत तरंगतंय आणि आत डॉक्टर टॉवेल घेऊन उभे. खड्ड्यात उतरून, बाही वर करून मी नळीत हात घातला आणि गवताचा बोळा काढून त्यांना दाखवला. "डॉक्टर, ब्लॉकेज होतं. पथ्य पाळा." ते इतके हसले की नंतर दर दिवाळीला त्यांच्या घरून चकल्या येऊ लागल्या.

बॅरीचा एक नियम होता. त्याच्या यार्डात मातीचा एक उंचवटा होता, त्याला भिंत बांधून त्याने तीन खऱ्या खिडक्या बसवल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एक खरा खड्डा. लहान, मधला, मोठा. जो माणूस त्या खोलीत झोपणार, त्याने यार्डात यायचं, भिंतीमागे उभं राहायचं, खिडकी उघडायची, खड्ड्यात उतरायचं, झाकण उचलायचं आणि बाहेर हिरवळीवर येऊन उभं राहायचं. त्याच्याऐवजी दुसऱ्याने करून चालायचं नाही. मग फॉर्मवर त्याचं नाव लिहायचं, पुढे टिक करायची आणि त्यानंतरच ऑर्डर घ्यायची. कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे नियम वेगळे, ते तर पाळायचेच. हा बॅरीचा स्वतःचा.

किवी माणसांना यात काही वाटत नसे. रॉस नावाचे एक सत्तरीचे आजोबा मधल्या खिडकीत असे अडकले की आम्हाला बिजागऱ्या काढाव्या लागल्या. अडकल्या अडकल्या म्हणाले, "टू मेनी पाइज," म्हणजे खाणं जरा जास्तच झालंय. बाहेर आल्यावर मोठ्या खिडकीतून पुन्हा करून बघितलं आणि "स्वीट अ‍ॅज", म्हणजे एकदम झकास, म्हणून ऑर्डर देऊन गेले. आपली माणसं मात्र संकोचायची. पँटला इस्त्री आहे, लोक बघतायत, खरंच आम्हीच करायचं का? आणि करून झाल्यावर हळूच, "ताई, वरून लोखंडी जाळी बसवून कुलूप लावता येईल का? चोरबीर आला तर?" जाळीशिवायच्या खिडकीजवळ आपल्याला झोपच येत नाही. मी प्रत्येकाला सांगायचे की कुलूप चोराला अडवेल की नाही ठाऊक नाही, तुम्हाला नक्की अडवेल.

मी एकदा बॅरीला विचारलं, हा नियम आला कुठून. तो तरुणपणी गावाच्या अग्निशमन दलात विनापगारी काम करायचा. चहाचा मग दोन्ही हातांत धरून म्हणाला, "एका घराबाहेर उभा होतो. खिडकी होती. लहान होती." एवढंच. मग उठून कामाला गेला. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

हे सगळं ठाऊक असून मी चूक केली.

अविनाश आणि मधुरा म्हणून जॉन्सनव्हिलमधलंच जोडपं. अविनाश शिकायला आला आणि इथेच राहिला, मधुरा हॉस्पिटलात नर्स. अविनाशची आई, सुमतीकाकू, कायमच्या राहायला आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी खालची खोली तयार करायची होती. अविनाश त्यांना घेऊन यार्डात आला. काकू बहात्तर वर्षांच्या, चणीने लहानखुऱ्या. फिकट जांभळी साडी, त्यावर लेकाचं जॅकेट आणि पायांत पांढरे शूज. मी त्यांना प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. अविनाशला मी नियम समजावून सांगत होते, तोवर काकू उठल्या, भिंतीमागे गेल्या आणि खिडकीवर हात फिरवत म्हणाल्या, "खोली माझी ना? मग मी बघते." असं म्हणून त्यांनी पदर खोचला.

मला कसंतरीच झालं. बॅरी पलीकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतोय, दोन कामगार बघतायत, आणि ही आपली वयस्कर बाई खिडकीतून पाय टाकणार? मी धावले. "छे छे काकू, तुम्ही कशाला? तुम्ही बसा बघू." अविनाशही म्हणाला, "आई, बस तू. मी करतो ना." काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, पदर सोडला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. अविनाश दोन ढांगांत बाहेर आला. फॉर्मवर मी सुमतीकाकूंचं नाव लिहिलं आणि पुढे टिक केली. बॅरीने विचारलं, "द लेडी ओके?" मी म्हटलं, "ओके."

आदर म्हणून केलं होतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. पण फॉर्मवर जे लिहिलं ते खोटंच होतं. महिन्याभरात मधल्या मापाचा खड्डा बसला, सरकारी तपासणी पास झाली, काकू खोलीत राहायला गेल्या. मी मनाला सांगितलं, झालं.

जानेवारीत मधुराने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. इथे तेव्हा भर उन्हाळा, बायका काळ्या साड्यांत घामाघूम. वर गप्पा रंगल्या असताना काकूंनी माझा हात धरला. "चल, माझी खोली दाखवते." जिना उतरून गेलो. स्वच्छ खोली, भिंतीला लागून पलंग, कोपऱ्यात छोटासा देव्हारा, खुंटीला जपमाळ, खिडकीतून येणारा पांढरा उजेड. काकू म्हणाल्या, "बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा मला माझी खोली मिळाली बघ. माहेरी आम्ही पाच बहिणी. सासरी स्वयंपाकघराच्या दाराशी अंथरूण. दार लावून घ्यायचं काय सुख असतं, ते आता कळलं."

मी खिडकीपाशी उभ्या असलेल्या काकूंकडे बघत होते. खिडकीची खालची चौकट त्यांच्या छातीशी आली होती.

"काकू," मी विचारलं, "इथून बाहेर निघता येतं तुम्हाला?"

त्यांनी आधी दार लोटलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दोनदा प्रयत्न केला. स्टूल घेतलं, तर ते हललं. झाकण तर उचलतच नाही. पण तू कुणाला बोलू नकोस गं. अविनाशला कळलं तर म्हणेल, आई, तू वर हॉलमध्ये झोप. माझी खोली जाईल."

मी तिळगूळ हातात धरून तशीच उभी राहिले. गप्प बसले तर काकू त्या खोलीत कोंडलेल्या, बोलले तर त्यांची खोली गेली, आणि दोन्ही माझ्यामुळे. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "औषध चुकीचं दिलं गेलं तर आम्ही पेशंटला फोन करतो. लाज वाटते, पण करतो." माझी आई तेव्हा सांगलीला होती. तिलाही आम्ही भावंडं येता-जाता तू बस, तू बस म्हणायचो. तिला बसायचं आहे का, हे आमच्यापैकी एकानेही विचारल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी बॅरीसमोर फॉर्म ठेवला आणि सांगून टाकलं. त्या बाईंनी केलं नाही, मी करू दिलं नाही, आणि टिक मी केली. नोकरी जाणार असंच धरून चालले होते. बॅरीने फॉर्म उचलून वाचला. त्याचे कान लाल झाले होते. मग म्हणाला, "तिला चढायचं होतं?"

"हो. ती तयारच होती."

"मग चल, तिला विचारू काय हवंय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसला.

अविनाश घरीच होता. मी त्याला स्वतःची चूक सांगितली. त्याने लगेच, काकू म्हणाल्या होत्या तेच वाक्य उच्चारलं, "मग आई वरच झोपेल, सिंपल." काकूंनी फक्त खिडकीकडे बघितलं. बॅरीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ते बघणं कळलं. तो म्हणाला, "खोली बदलायची नाही. खड्डा बदलायचा." आणि गुडघ्यावर बसून मापं घ्यायला लागला. काकूंना पाय किती उंच उचलता येतो, कुठला गुडघा दुखतो, हात कुठे टेकावासा वाटतो, सगळं मी मराठीत विचारत होते आणि त्याला सांगत होते. जुना खड्डा काढला. नवा रुंद केला आणि उतारावरच्या शेतांसारखा टप्प्याटप्प्यांनी वर चढवला, म्हणजे शिडीची गरजच नाही. आत खिडकीखाली भिंतीला पक्का ओटा बांधला, जो हलणार नाही. उजव्या हाताला धरायला गज. झाकण इतकं हलकं की एका तळहाताने सरकावं.

काम संपल्यावर काकूंनी पदर खोचला. या वेळी कुणी बसा म्हटलं नाही. बॅरीने हात पुढे केला तर म्हणाल्या, "त्याला म्हणावं, हात काढ." ओट्यावर एक पाय, मग दुसरा, गज धरला, खिडकीतून अंग बाहेर, एक टप्पा, दम घेतला, दुसरा टप्पा, तळहाताने झाकण सरकवलं आणि काकू हिरवळीवर. केसांत कोळ्याचं जाळं. बॅरी म्हणाला, "किया ओरा, काकू!" इथल्या माओरी भाषेत त्यात नमस्कार आणि शाबासकी दोन्ही येतं. मला आधी हसू आलं आणि मग रडू. मी नवा फॉर्म पुढे केला, पण त्यांचं नाव मी लिहिलं नाही. पेन त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश काहीतरी लिहिलं. बॅरीने विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं. त्याने फॉर्म घडी न घालता फाइलला लावला.

पुढे ती खिडकी म्हणजे काकूंचं दार झालं. रोज दुपारी जेवणानंतर त्या तिथून बाहेर पडायच्या, उन्हात बसायच्या, शेजारच्या बाईंशी हातवाऱ्यांनी बोलायच्या आणि आल्या वाटेने आत जायच्या. मधुरा म्हणायची, "अहो ताई, एवढं मुख्य दार आहे घराला!" काकू म्हणायच्या, "ते तुमचं."

अशी तीन वर्षं गेली. एका सकाळी मी एका साइटवर होते आणि मधुराचा फोन आला. आवाज नर्सचा, म्हणजे अगदी शांत, पण वाक्यं तुटत होती. समोरच्या शेजाऱ्यांनी तिला आगीचं कळवलं होतं; जिन्याखालच्या कपड्यांच्या ड्रायरने पेट घेतला होता. अविनाश ऑफिसात, ती हॉस्पिटलात, घरी फक्त आई. "ताई, तुम्ही जवळ आहात ना? जाऊन बघा ना."

गाडी कशी चालवली, आठवत नाही. वळण घेतलं तर समोर लाल बंब, खालच्या दारातून काळा धूर. मी पळत मागे गेले. शेजारच्या बाईंच्या अंगणात, खुर्चीवर, खांद्यावर ब्लँकेट घेऊन काकू बसल्या होत्या. पाय अनवाणी. हातात जपमाळ.

मी त्यांच्यापुढे गवतावरच बसले. त्या म्हणाल्या, "दार उघडलं तर जिनाच दिसेना. मधुराने शिकवलं होतं, दार परत लावून घे. लावलं. मग पदर खोचला आणि आले."

"घाबरलात का हो?"

"घाबरले ना. पण पाय रोजच्यासारखे पडले."

तेव्हा मला बोलावंच लागलं. "काकू, त्या दिवशी यार्डात मी तुम्हाला बसा म्हटलं होतं. चुकलं माझं."

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. हाताला धुराचा वास येत होता. "तू परत आलीस की. सगळे कुठे येतात परत?" आणि लगेच, "खोली फार काळी झाली का गं? रंग तोच मिळेल ना?"

दुपारी यार्डात गेले. बॅरीला सगळं सांगितलं. ऐकून तो उठला. आत गेला, कपाटातून फाइल काढली आणि पानं उलटत बसला. त्याला हवे होते ते दोन कागद एकामागे एक लावलेले होते. पहिल्यावर माझ्या सुबक अक्षरात काकूंचं नाव आणि माझी टिक. तो त्याने उलटला. दुसरा माझ्यापुढे धरून म्हणाला, "परत एकदा वाच, काय लिहिलंय तिने."

२०१९ मध्ये मी काम सोडलं, तेव्हा निरोपाची भेट म्हणून बॅरीने मला हाच कागद दिला. आता लिहिताना समोरच आहे. कुणाला खड्ड्यांचं काम समजावून सांगायचं असेल, तर यापुढे मी हा दाखवणार आहे. गुडघ्यावर ठेवून लिहिलेलं, थोडं तिरपं अक्षर आहे.

"सुमती. मी स्वतः चढून बाहेर आले."